छाननीला अठ्ठेचाळीस तास

२०२० सालच्या डिसेंबरात राज्यातल्या १४,२३४ ग्रामपंचायतींच्या निवडणुका एकदम लागल्या. अर्ज २३ ते ३० डिसेंबर, छाननी ३१ला, माघार आणि चिन्हवाटप ४ जानेवारीला, मतदान १५ला, मोजणी १८ला. खालचं गाव, त्यातलं पॅनल आणि माणसं अशा अनेक गावांवरून बेतलेली आहेत, म्हणून कुणालाच नाव दिलेलं नाही. तारखा आणि नियम मात्र त्या निवडणुकीचेच आहेत.

वस्ती तीन हजारांच्या आत, म्हणून सदस्य नऊ. तीन प्रभाग, प्रत्येकी तीन जागा. बहुमताला पाच. त्या वर्षी सरपंच सदस्यांमधून निवडायचा होता आणि सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत मतदानानंतर निघणार होती. खुर्ची कुणाच्या वाट्याला येणार हे कुणालाच ठाऊक नसल्यामुळे प्रत्येक जागा लाखमोलाची झाली होती.

४८ तास बाकी : मंगळवार, २९ डिसेंबर, सकाळी ११

पॅनलप्रमुख नानांच्या ओसरीवर बैठक. आठ नावं ठरलीत, नववं आज पक्कं होतं : प्रभाग तीन, नागरिकांचा मागास प्रवर्ग, महिला. तालमीजवळच्या घरातली सूनबाई. वय २४, शिक्षण बारावी. बैठकीला तिचा नवरा आलाय. ती घरी आहे.

कागदांची यादी नाना तोंडानेच सांगतात. जातीचा दाखला. जातवैधता प्रमाणपत्र, आणि ते नसेल तर समितीकडे अर्ज केल्याची पोच आणि निवडून आल्यावर बारा महिन्यांत प्रमाणपत्र देईन असं हमीपत्र. मालमत्ता आणि गुन्ह्यांचं घोषणापत्र. तिसरं अपत्य नसल्याचं. शौचालय वापरत असल्याचं. पंचायतीची थकबाकी नसल्याचा दाखला. निवडणूक खर्चासाठी वेगळं बँक खातं. १ जानेवारी १९९५ला किंवा नंतर जन्म असेल तर सातवी पास असल्याचा पुरावा. अनामत खुल्या जागेला ५००, राखीवला १००.

"कागदाचं कोण बघतंय?" नाना विचारतात.

"आम्ही बघतो की," पाच जण एकदम म्हणतात.

या प्रचाराची पहिली वीट इथे वाकडी बसली. एकाने पुढे होऊन "मी बघतो" म्हटलं असतं, तर उद्या जाब विचारायला एक माणूस असता. पाच जणांचं काम झालं की प्रत्येकाला उरलेले चौघं करतायत असं वाटत राहतं. वही कुणी काढली नाही. यादी नानांच्या डोक्यात होती आणि नाना तासाभरात शेजारच्या वाडीवर निघून गेले.

४४ तास बाकी : दुपारी ३

आजची वेळ संपली. पॅनलचे नऊपैकी दोनच अर्ज गेलेत. अर्ज आधी संकेतस्थळावर भरायचा, त्याची प्रत काढून सही करायची आणि मग तहसीलला द्यायचा. तालुक्यातल्या सगळ्या गावांचे इच्छुक एकाच वेळी तेच करतायत. सेतूवाल्याच्या पडद्यावर पांढरं चक्र फिरतंय आणि त्याच्या पाठीशी वीस माणसं मास्क हनुवटीवर घेऊन उभी आहेत.

उशीर नुसत्या सर्व्हरमुळे झालेला नाही. २५ला नाताळ, २६ला चौथा शनिवार, २७ला रविवार. सलग तीन दिवस बँका बंद आणि अर्ज घेणंही बंद. आठ दिवसांची मुदत प्रत्यक्षात पाच दिवसांचीच होती. हे कॅलेंडरवर पहिल्या दिवसापासून छापलेलं होतं. पण ते तीन दिवस प्रभाग एकच्या खुल्या जागेवर दोन भावकींपैकी कुणाला उभं करायचं, या वादात गेले.

४० तास बाकी : संध्याकाळी ७

मोबाइलवर बातमी फिरते. राज्य निवडणूक आयोगाने अर्ज पारंपरिक पद्धतीनेही, म्हणजे हाताने भरलेले, घ्यायला परवानगी दिली आहे. उद्याची वेळही तीनऐवजी साडेपाचपर्यंत. ओसरीवर कुणीतरी टाळी देतो. अडीच तास मिळाले.

वाढीव वेळ कशासाठी वापरायचा हे त्याच क्षणी ठरवावं लागतं. इथे ते ठरलं नाही, आणि त्या अडीच तासांवर प्रभाग एकचा वाद पुन्हा येऊन बसला.

याच बैठकीत एक शहाणपणाची सूचना येते. एक म्हातारे आबा म्हणतात, "तिसऱ्या प्रभागात एक डमी फॉर्म टाका. सूनबाईच्या जावेचाबी दाखला हाय." हशा पिकतो. एका घरातून दोन अर्ज भरले तर लोक नावं ठेवतील, म्हणे. शिवाय परत बँक, परत कागद. आबा गप्प बसतात.

डमी म्हणजे पर्यायी अर्ज. मूळ अर्ज टिकला तर चार दिवसांनी काढून घ्यायचा, बस. त्याची किंमत पुढे २०२४च्या लोकसभेला रामटेकमध्ये साऱ्या राज्याने पाहिली. काँग्रेसच्या रश्मी बर्वे यांचं जातवैधता प्रमाणपत्र ऐन छाननीच्या दिवशी, २८ मार्चला, समितीने रद्द केलं आणि त्यांचा अर्ज बाद झाला. पक्षाने त्यांचे पती श्यामकुमार बर्वे यांचाही अर्ज भरून ठेवला होता. ते लढले आणि निवडून आले. समितीचा निर्णय उच्च न्यायालयाने रद्द केला तो मतदानानंतर काही महिन्यांनी. तोवर जागा राखली ती त्या दुसऱ्या अर्जाने.

३७ तास ३० मिनिटं बाकी : रात्री साडेनऊ

सूनबाईचा भाऊ मोटारसायकलवर माहेराहून येतो. माहेर दुसऱ्या जिल्ह्यात. जातीचा दाखला लग्नाआधीचा, तिथल्या प्रांताच्या सहीचा, वडिलांच्या आडनावावर. दाखला ज्या जिल्ह्यातून निघाला तिथल्याच पडताळणी समितीकडे अर्ज करायचा असतो, म्हणून बहिणीच्या सहीचे कागद घेऊन हा भाऊ सोमवारी दिवसभर तिथल्या रांगेत उभा होता. शिक्का मारलेली पोच त्याने छातीशी धरून आणलीय.

सूनबाई ती हातात घेते, उजेडात वाचते आणि आपल्या प्लास्टिकच्या फाइलमध्ये ठेवते. तिची फाइल लागलेली आहे : वर मतदारयादीतल्या नावाचं पान, त्यामागे लग्नाची नोंद, मग माहेरच्या नावाचा दाखला, पोच, हमीपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, बँकेच्या पासबुकाची प्रत. माहेरचं नाव आणि सासरचं नाव एकाच बाईचं आहे हे वाचणाऱ्याला ओळीने कळावं असा तो क्रम. पॅनलच्या नऊ जणांत पूर्ण फाइल असलेली ती एकटीच. ओसरीवरच्या एकालाही हे माहीत नाही.

२६ तास बाकी : बुधवार, ३० डिसेंबर, सकाळी ९

जीप घरोघर थांबते. "कागद द्या, बाकी आम्ही बघतो." सात उमेदवारांचे कागद एका पिशवीत पडतात. सूनबाई म्हणते, "माझी फाइल लावलेली आहे, भावजी. तशीच राहू द्या." भावजी "हो हो" म्हणून ती पिशवीत कोंबतात.

२२ तास ३० मिनिटं बाकी : दुपारी साडेबारा

तहसीलसमोरच्या हॉटेलात दोन टेबलं जोडलीत. एकीकडे मिसळीच्या ताटल्या, दुसरीकडे कागद. पॅनलमधल्या एकाचा कॉलेजात जाणारा पुतण्या कामाला लागलाय. हुशार आहे, झपाट्याने हात चालतो. झेरॉक्सवाल्याने सांगितलंय की एका प्रकारचे कागद एकत्र आणा, लवकर होतील. मग पुतण्या सगळ्या फाइली सोडतो आणि ढीग लावतो. सात आधार कार्डं इकडे, सात घोषणापत्रं तिकडे, दाखले पलीकडे, पोचा त्याच्या शेजारी.

घात इथे झाला. झेरॉक्सच्या सोयीसाठी कागद प्रकाराने लावले, पण तहसीलच्या टेबलावर अर्ज माणसागणिक तपासला जातो. ढिगात एखादा कागद कमी पडला तर तो कुणाचा हे ढीग सांगत नाही. प्रत्येक उमेदवाराचं एक पाकीट, पाकिटावर यादी, कागद आत गेला की खूण. एवढं असतं तर कमी काय आहे ते पाकिटानेच सांगितलं असतं. सातही पाकिटांना मिळून अर्धा तास लागला असता.

प्रती आल्यावर पुतण्या ढिगांतून परत फाइली भरायला घेतो. हातात एक पोच येते. तीवर मुलीचं नाव, वडिलांचं नाव, अनोळखी आडनाव आणि शिक्का दुसऱ्या जिल्ह्याचा. पॅनलच्या नऊ नावांत हे नाव नाही. दाखला याच नावाचा होता, पण तो लग्नाच्या नोंदीला टाचलेला असल्याने बरोबर जागी गेला. पोच सुटी होती.

"हे आपल्यातलं नाय वाटतं," पुतण्या म्हणतो. शेजारच्या टेबलावर दुसऱ्या गावाचं पॅनल बसलंय, त्यांचं असेल. तो ती पोच सेतूवाल्याच्या काउंटरवर ठेवून येतो.

जिचं नाव आहे ती वीस पावलांवर जीपमध्ये बसली आहे. सोबत पॅनलच्या बाकीच्या उमेदवार बायका. नऊपैकी पाच जागा महिलांच्या आहेत आणि हॉटेलातल्या टेबलाभोवती एकही बाई नाही. सहीपुरतं बोलवायचं, असं ठरलंय.

२१ तास बाकी : दुपारी २

प्रभाग एकची भावकी तहसीलच्या फाटकात समोरासमोर येते. ऐनवेळी उमेदवार बदलायचा निर्णय होतो. नव्या माणसाचं बँक खातं नाही. तीन जण त्याला घेऊन बँकेकडे पळतात. कागदांचं "बघणारे" पाच होते, ते आता दोन उरले, आणि त्यातला एक फोनवर आहे.

१८ तास ५० मिनिटं बाकी : दुपारी ४ वाजून १० मिनिटं

सेतूवाला काउंटर आवरताना पोच बघतो. माणूस सज्जन आहे. फोटो काढून ओळखीच्या पुतण्याला पाठवतो, पुतण्या पॅनलच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकतो : "ही कुणाची आहे?"

तहसीलची खिडकी बंद व्हायला अजून एक तास वीस मिनिटं आहेत. पोच समोरच्याच दुकानात आहे. पॅनल वाचायला एक उत्तर पुरेसं आहे.

गटात ऐंशी माणसं आहेत. फोटोखाली लगेच रांगेची सेल्फी येते, मग "विजय आपलाच", मग कुणीतरी उद्याच्या वाढदिवसाचं बॅनर. सूनबाईचा नवरा गटात आहे, पण तो बँकेकडे गेलेल्या तिघांतला एक आहे. सूनबाई गटात नाही. पाच बायकांपैकी एकीलाही गटात घेतलेलं नाही. प्रश्न विचारला गेला, पण ज्या एका व्यक्तीला त्याचं उत्तर माहीत होतं तिच्यापर्यंत तो पोचायला वाटच नव्हती.

गट हे निरोप देण्याचं साधन आहे. कामाची जबाबदारी त्यावर टाकता येत नाही. "ही कुणाची?" हा प्रश्न ऐंशी जणांना विचारण्याऐवजी सात उमेदवारांना एकेक फोन केला असता, तर दहा मिनिटांत उत्तर मिळालं असतं.

१७ तास ४० मिनिटं बाकी : संध्याकाळी ५ वाजून २० मिनिटं

रांग टेबलापर्यंत पोचली. अनामतीचे शंभर रुपये भरले, पावती घेतली. सूनबाईला सहीसाठी पुढे बोलावतात. सही करता करता ती विचारते, "माझी पोच लावली ना? काल दादानं आणलेली?"

"सगळं लावलंय वहिनी. मागं रांग आहे."

तिने पान उलटायला हात पुढे केला होता. फाइल त्याच क्षणी टेबलापलीकडे गेली.

१७ तास ३० मिनिटं बाकी : संध्याकाळी साडेपाच

फाटक बंद. आत असलेल्यांचे अर्ज घेतले जातात. प्रभाग एकचा नवा उमेदवारही आत शिरलाय, त्याचा अर्ज अखेर लागतो. त्याचीच चर्चा होते, त्यालाच हार पडतो.

१४ तास बाकी : रात्री ९

ढाब्यावर जेवण. जेवणाचं बिल नानांचा मुलगा देतो आणि खिशात ठेवतो. नऊ सदस्यांच्या ग्रामपंचायतीला उमेदवारामागे खर्चाची मर्यादा २५,००० रुपये. ढाब्याचं बिल कुणाच्या नावे लिहायचं, हे कुणी विचारत नाही.

त्याच वेळी गावात समोरच्या पॅनलचे निवृत्त गुरुजी रजिस्टर उघडून बसलेत. त्यांच्याकडे ना जास्त पैसा, ना जास्त माणसं. प्रत्येक उमेदवाराला एक पान आणि त्यावर गुरुजींच्याच हातच्या खुणा, एवढंच. त्यांच्याशिवाय एकही कागद तहसीलला गेलेला नाही. त्यांच्यावर दोन जण रुसलेही आहेत, कारण परवा त्यांनी एकाची फाइल अपुरी म्हणून परत पाठवली होती. पॅनलमध्ये "नाही" म्हणू शकणारा एक माणूस लागतो. नानांच्या पॅनलमध्ये सगळेच "हो हो" म्हणणारे होते.

शून्य तास : गुरुवार, ३१ डिसेंबर, सकाळी ११

छाननी सुरू. प्रभाग तीनची पाळी पाऊण तासाने येते. निवडणूक निर्णय अधिकारी सूनबाईचा अर्ज उघडतात. दाखला आहे. वैधता प्रमाणपत्र नाही. हमीपत्र आहे. "समितीकडे अर्ज केल्याची पोच?"

पॅनलचे लोक एकमेकांकडे बघतात. सूनबाई टेबलासमोर उभी आहे. ती म्हणते, "साहेब, पोच आहे. परवा रात्री माझ्या हातात होती." मग पुतण्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडतो. तो धावत सुटतो आणि वीस मिनिटांत पोच घेऊन येतो. कागद खरा, शिक्का खरा, तारीख २८ डिसेंबर.

समोरच्या पॅनलची हरकत तयारच आहे. राखीव जागेच्या उमेदवाराने हे कागद अर्जासोबत द्यायचे, असं ग्रामपंचायत कायद्याचं कलम १०-१अ सांगतं. अर्जाची वेळ काल साडेपाचला संपली. अधिकारी आवाज न चढवता सांगतात, "ताई, ही काल लागली असती तर प्रश्नच नव्हता." अर्ज नामंजूर.

"कोर्टात जाऊ," कुणीतरी म्हणतो. पण निवडणूक सुरू असताना मध्येच न्यायालयाने हात घालू नये, अशी तजवीज राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३ ओ मध्ये आहे. दाद मागायची ती निकालानंतर, पंधरा दिवसांत, निवडणूक याचिकेने. आणि तिथेही विचारलं जाणार एवढंच, की कागद वेळेत होता का.

त्यानंतर

४ जानेवारी, दुपारी ३. माघारीची वेळ संपली. प्रभाग तीनच्या त्या जागेवर एकच अर्ज उरला आणि समोरच्या पॅनलची उमेदवार बिनविरोध आली. डमी असता तर लढत झाली असती.

१५ जानेवारीला उरलेल्या आठ जागांसाठी मतदान झालं. नानांच्या पॅनलने मेहनत घेतली : स्लिपा वाटल्या, म्हाताऱ्यांना गाडीतून आणलं, पुण्याला कामाला असलेली पोरं बोलावली. १८ला मोजणी झाली. आठपैकी चार यांच्या, चार त्यांच्या. वरची बिनविरोध जागा धरून त्यांच्या पाच.

गावात आता सांगतात की अधिकारी फितूर होता, सर्व्हर बंद होता, भावकीने घात केला. सगळ्यांना पटेल अशीच कारणं निवडलेली आहेत. खरं कारण ओसरीवर कुणी बोलत नाही, कारण त्यात दोष एकाचा निघत नाही. पुतण्याने दिलेलं काम केलं, सेतूवाल्याने फोटो पाठवला, भावाने दोन जिल्हे पालथे घातले, बाईने फाइल लावून दिली आणि सहीच्या क्षणी विचारलंही. या साऱ्यांची कामं जोडणारा माणूस मात्र कुठेच नव्हता. आणि जिच्या नावाने फॉर्म भरला तिला पॅनलने उमेदवार मानलंच नव्हतं; आरक्षणाच्या रकान्यात बसणारं एक नाव, इतकीच तिची गणती होती. राखीव जागेवर बाईला उभं करून तिचं सगळं पुरुषांनी "बघायची" रीत अनेक गावांत आहे. या गावात त्या रीतीची किंमत नेमकी एक जागा निघाली, आणि तीच बहुमताची होती.

उपाय साधे होते. पहिल्या दिवशी सुट्ट्या वजा करून खरे दिवस मोजणं. कागदांची जबाबदारी एकावर टाकणं आणि फाइल परत पाठवायचा अधिकार त्यालाच देणं. उमेदवारागणिक पाकीट, पाकिटावर उमेदवाराची सगळी नावं, माहेरचं धरून. राखीव जागेला पर्यायी अर्ज. शेवटच्या दिवशी नवा वाद न काढणं. आणि अर्ज टेबलापलीकडे जाण्याआधी उमेदवाराने स्वतः प्रत्येक पान उलटून बघणं, मागे रांग कितीही असो.

अजून एक मुदत चालू होती. निकालापासून तीस दिवसांत, म्हणजे १७ फेब्रुवारीपर्यंत, निवडणूक खर्चाचा हिशेब द्यावा लागणार होता. जिंकलेल्यांनाही आणि हरलेल्यांनाही. न दिल्यास कलम १४ब खाली पाच वर्षांसाठी अपात्र ठरवता येतं. निवडून आलेली जागाही जाते. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात नानांनी ओसरीवर विचारलं, "हिशेबाचं कोण बघतंय?"

"आम्ही बघतो की," चौघं एकदम म्हणाले. ढाब्याचं बिल अजून नानांच्या मुलाच्या खिशात होतं.